गवताच्या गाडीवर कोण होतं

ही गोष्ट सांगायची मी फार वर्षं टाळली. लिहायला बसलो की मी भाताचं लिहायचो, बैलांचं लिहायचो, लढाईच्या दिवसांत रॉकेलसाठी केलेल्या खेपांचं लिहायचो. पण आटगावच्या रस्त्याचं नाव आलं की पान उलटायचो. नातवंडं विचारत, "आजोबा, तुम्ही कधी कोर्टात गेला होता?" मी म्हणायचो, "साक्षीला गेलो होतो," आणि पानाचा डबा शोधायला उठायचो. साक्षीला गेलो होतो हे खरंच आहे. साक्ष काय दिली, ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता डबाही सापडत नाही आणि उठवतही नाही. तेव्हा सांगून टाकतो.

यात मी कोणाचं नाव घालणार नाही. एका फळीवर लिहिलेल्या नावानं जे व्हायचं ते एकदा झालं, तेवढं पुरे. बैलांचीही नावं सांगत नाही. त्यांच्या गोतातली वासरं अजून गावात असतील.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, आग्रा रोडपासून दोन कोस आत. भाताची झोडणी उरकली की डोंगरावरचं गवत कापायचं, भारे बांधायचे आणि गाडीत घालून आटगाव स्टेशनवर मालगाडीत भरायचे. मुंबईच्या तबेल्यातल्या म्हशी आमच्या डोंगरावर जगत. आमच्या घरी बैल एकच होता. शेजारच्या घरीही एकच, गाडी मात्र त्यांची. एका बैलानं गाडी चालत नाही, म्हणून दोन घरं आपापला बैल एका जुवाखाली आणत. त्याला आमच्याकडं सावड म्हणतात. एक दिवस त्याची खेप, एक दिवस माझी. बैलांना हा हिशेब ठाऊक नव्हता, त्यांना रोजच जावं लागे.

शेजारी माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. तो चौथी शिकलेला. मी दुसरीतच शाळा सोडली. पुढची अक्षरं त्यानंच मला खळ्यातल्या धुळीत बोटानं काढून शिकवली. अक्षरावर त्याचा फार जीव. आग्रा रोडवर डांबर घालायला माणसं आली, तेव्हा मुकादमाला अर्धा दिवस फुकट गाडी देऊन त्यानं वाटीभर डांबर आणलं आणि गाडीच्या मागच्या फळीवर आपलं संपूर्ण नाव लिहिलं. बापाच्या नावासकट. आडनावाला फळी पुरली नाही, तर ते खाली चाकाजवळ नेलं. गावातली माणसं म्हणत, "गाडी कोनाची ते आमाला म्हाईत हाय रे, लिवलास कशाला?" तो म्हणे, "तुमाला म्हाईत हाय. रस्त्याला कुठं म्हाईत हाय?"

तर रस्त्यालाही माहीत झालं, ते असं.

त्या दिवशी खेप माझी होती. भल्या सकाळी गाडी भरून निघालो. भाऱ्यांचा ढीग घराएवढा उंच, आणि वर चढून बसलं की गादी. आग्रा रोडला लागलो तेव्हा ऊन छान वर आलं होतं. बैलांना वाट पाठ. मी जरा आडवा झालो. आडवा झाल्यावर काय होतं ते सांगायची गरज नाही.

रस्त्यानं डाव्या बाजूनं जायचं, हा कायदा बैलांनाही शिकवलेला होता. पण आटगावच्या अलीकडं उजव्या हाताला एका बाईची चहाची खोपी होती. तिथं मी चहा पीत असे आणि माझ्या बैलाला गुळाचा खडा देत असे. दादाच्या बैलाला देत नसे, कारण तो माझा नव्हता. हा माझा कोतेपणा नंतर मला फार महाग पडला. माझा बैल खोपी दिसली की दादाच्या बैलाला ओढत ओढत रस्ता ओलांडायचा. त्या दिवशीही ओलांडला. घराएवढा गवताचा ढीग रस्त्याच्या मधोमध आडवा झाला, आणि समोरून रस्त्याच्या खात्यातल्या साहेबांची मोटार आली. पुढं शहापूरचे हवालदार बसलेले.

मोटारीचा भोंगा वाजला तेव्हा मी जागा झालो. खाली काय चाललंय ते ऐकू आलं.

"ओ गाडीवान! कुठं मेलास रे?"

मी मेलो नव्हतो, पण बोललो नाही.

"साहेब, गाडीवान दिसत नाही," हवालदार म्हणाले.

"मग गाडी कोण चालवतंय?"

"बैलच चालवतायत, साहेब."

मी भाऱ्यांत आणखी खोल गेलो. हवालदारांनी माझ्या बैलाची वेसण धरून ओढली. तो हलेना. मग चहावाल्या बाईचा आवाज आला. "हवालदारसाहेब, त्याला गूळ दिल्याबिगर तो नाय हलायचा. घ्या." सरकारच्या हातून गूळ खाऊन माझा बैल डाव्या बाजूला आला. बाईनं मान वर करून गवताकडं पाहिलं. माझा एक पाय बाहेर राहिला होता, हे मला तेव्हा कळलं. तिनं तो पाय पाहिला आणि खोपीत निघून गेली. गिऱ्हाईक कोणी तोडत नाही.

हवालदार मागं गेले. फळी वाचायला त्यांना बराच वेळ लागला, आडनावासाठी तर चाकाजवळ वाकावं लागलं. नाव लिहून घेतलं आणि मोटार गेली.

मी घरी येऊन दादाला काही सांगितलं नाही. वाटलं, सरकारला एवढी कामं, गवताची गाडी कोण लक्षात ठेवतो.

तीनेक आठवड्यांनी दादा समन्स घेऊन आमच्या अंगणात आला. रागावलेला असेल म्हणून मी गोठ्यात शिरत होतो. पण तो खूश दिसत होता.

"हे बघ, नाव किती नीट लिवलाय. आडनाव पन एकाच ओळीत." मग म्हणाला, "त्या दिवशी तुझी खेप. निजलास ना रे?"

"डोळा लागला, दादा."

"गवतावर कोन निजनार नाय? मीपन निजतो." तो हसला. "कोर्टात मी तुझा नाव साक्षीला देतो. तू उभा राहून खरा सांग, बस. बैल मोकळे सोडल्याचा दंड व्हईल तो दोघांत."

मी हो म्हणालो. आणि मनापासून म्हणालो, हे इथं लिहून ठेवतो.

त्याच सुमाराला माझं लग्न ठरत होतं. मुलगी मुरबाडकडची. तिच्या वडिलांची एक ख्याती होती. मुलगा पाहायला गेले की शेती किती, दारू पितो का, हे सगळं ते मागाहून विचारत, पहिला प्रश्न, "गाडीवर निजतो का?" त्यांच्या धाकट्या भावाची गाडी तो झोपलेला असताना ओढ्यात गेली होती आणि भाऊ कायमचा लंगडा झाला होता. तेव्हापासून गाडीवर निजणारा माणूस त्यांच्या लेखी चोरापेक्षा वाईट. आमच्याकडं चौकशी झाली तेव्हा माझ्या बापानं छातीवर हात मारून सांगितलं होतं, "आमचा पोरगा? तो तर घरात पन नीट निजत नाय."

खटल्याच्या दिवशी दादा आणि मी शहापूरला चालत गेलो. त्यानं धुतलेली टोपी घातली होती. मामलेदार कचेरीच्या ओसरीवर बाकडं नव्हतं, तेव्हा सगळे उकिडवे बसलेले. मामलेदारसाहेबच मॅजिस्ट्रेट. सकाळी शेतसारा आणि दुपारी खटले. आमच्या आधी दिव्याविना सायकलवाले दोघं झाले, मग टपावर माणसं बसवणारा सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर झाला. मग पट्टेवाल्यानं दादाचं नाव पुकारलं.

हवालदारांनी साक्ष दिली. "गवताचा ढीग चुकीच्या बाजूनं स्वतः चालत येताना मी पाहिला."

"ढिगाला हटकलंत?" साहेबांनी विचारलं.

"हटकलं. उत्तर दिलं नाही."

गुळाचं त्यांनी काही सांगितलं नाही. मीही त्यांना दोष देत नाही. तिथं त्या दिवशी प्रत्येकानं आपापलं गाळलंच.

दादानं सांगितलं, "साहेब, गाडी माझी. पन त्या दिवशी मी घरी व्हतो, खळ्यात. सावडीतल्या शेजाऱ्याची खेप व्हती. तो हाय इथं. त्याला विचारा."

मी उभा राहिलो. शपथ घेतली. आणि बोलायला तोंड उघडतो तोच ओसरीच्या खांबाशी माझा बाप दिसला. त्याच्या शेजारी तांबडं पागोटं घातलेले एक उंच गृहस्थ. मुरबाडचे पाहुणे, मुलीचे वडील! ते त्याच दिवशी बोलणी पक्की करायला न सांगता घरी आले होते. "पोरगा कुठं?" म्हणून विचारलं तर बापानं ऐटीत सांगितलं, "मामलेदारांनी साक्षीला बोलावलाय." सरकार साक्षीला बोलावतं म्हणजे पोरगा मोठा, असं समजून दोघं ऐकायला आले होते.

"त्या दिवशी गाडीवर तुम्ही होता?" साहेब म्हणाले.

"मी त्या दिवशी गाडीवर नव्हतो," मी म्हणालो.

एवढंच. पाच शब्द. नंतर मी ते पुष्कळदा मोजले आहेत.

"मग कोण होतं?"

दादानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहत होतो. मग त्यानं मागं वळून ओसरीकडं पाहिलं, तांबडं पागोटं पाहिलं, माझ्या बापाचा फुललेला चेहरा पाहिला, आणि त्याला सगळं उमगलं. तो पुढं होऊन म्हणाला, "मीच व्हतो साहेब. विसरलो."

"आत्ता तर खळ्यात होता म्हणालात. विसरलात कसे?"

"निजलो व्हतो. निजलेल्याला आठवण कशी ऱ्हानार, साहेब?"

सगळी कचेरी हसली. हवालदार हसले, सायकलवाले हसले, साहेबांनीही रुमाल तोंडाला लावला. दोन रुपये दंड झाला. कारकुनानं कबुलीचा कागद पुढं केला आणि अंगठ्यासाठी शाईची गादी सरकवली. दादानं गादी परत सरकवली आणि टाक मागितला. सहीला त्यानं इतका वेळ घेतला की पट्टेवाल्यानं तोवर पुढचं नाव पुकारून टाकलं. मग कारकून म्हणाला, "झालं का? पुरे आता, शाई संपवशील!"

बाहेर आल्यावर पाहुणे माझ्या बापाला म्हणाले, "शेजाऱ्याला अशी खोड, आणि तरी तुमचा पोरगा बिघडला नाय. मंजे सोना हाय." त्याच ओसरीवर सुपारी फुटली म्हणा ना.

परतताना दादा माझ्याबरोबर चालत होता. मी दंडातला माझा वाटा पुढं केला. त्यानं तो खिशात टाकला. मोठेपणा दाखवला नाही, हेही मला आठवतं. म्हणाला, "लग्नात लाडू दोन जास्त वाढ." मग थोडं पुढं गेल्यावर, "सही नीट आली का रे माझी? शाई पसरली वाटतं."

मी म्हणालो, "मी नाय बघितली."

लग्न झालं. लाडू मी स्वतः वाढले. बायको घरी आली आणि आठवड्याच्या आत तिला कळलं, की तिचा नवरा गाडीवर, खळ्यात, उखळाला टेकून, कुठंही निजतो. "बाबांना कळवू का?" हे वाक्य तिला जन्मभर पुरलं. भाकरी करपली म्हणून मी कुरकुर केली की ती पिठाचे हात झाडून विचारी, "बाबांना कळवू का?" खटल्याची हकीकत मी तिला सांगितली तेव्हा मात्र ती हसली नाही. म्हणाली, "त्यांच्या पाया पडलात का?"

"वेळ नाय झाला."

"बसून खायला बरा वेळ होतो."

गावात दादाची थट्टा सुरू झाली होती. तो गाडी जुंपायला लागला की कोणी म्हणे, "उशी घेतलीस का रे?" कोणी म्हणे, "बैलाला पत्ता सांगून ठेव." तोही हसत असे. दुसऱ्या दिवशी आपला बैल माझ्या बैलाशेजारी आणून उभा करी. सावड मोडली नाही. मोडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग लढाई आली आणि तिच्या मधल्या कुठल्याशा साली आमचे म्हातारे पोलीसपाटील थकले. आमच्याकडं पाटीलकी वंशाची नव्हती. प्रांतसाहेब नेमतील तो पाटील. म्हाताऱ्यांना लिहिता येत नसे. गावच्या जन्ममृत्यूचं बुक कितीतरी वर्षं दादाच लिहीत होता. माझा थोरला झाला ते त्यानंच लिहिलं. पानाच्या तळाशी मात्र म्हाताऱ्यांचा अंगठा. दादाला पाटीलकी हवी होती ती त्या तळासाठी. एकदा मला म्हणाला होता, "एवढा सगळा माझा अक्षर, आणि खाली कोनाचा तरी अंगठा. नांगरायचा मी आन् मळनी दुसऱ्याची." त्या जागेवर आपली सही असावी, एवढंच त्याला आयुष्यात पाहिजे होतं. दुसरं काही पाहिजे असलेलं मी ऐकलं नाही.

गावाचंही त्याच्याबद्दल एकमत होतं. पण उमेदवार आणखी एक होता, आणि प्रांतसाहेबांकडं एक निनावी अर्ज गेला. ज्याला दिवसाढवळ्या गाडीवर जाग राहत नाही तो गावाची राखण काय करणार, आणि त्याबद्दल त्याला शहापूरच्या कोर्टात शिक्षा झालेली आहे.

दादा माझ्याकडं आला. त्यानं काही मागितलं नाही. म्हणाला, "शहापूरला गेलास तर माझा तो कागद बघशील? काय लिवलाय त्यात ते कळला मंजे मी प्रांताला नीट उत्तर दिन. मी गेलो तर बरा नाय दिसत." आणि वळता वळता, "सही पसरली का तेवढा पन बघ."

मी दुसऱ्या दिवशी निघालो आणि मुरबाडला गेलो.

आटगावचा खटला मुरबाडच्या कचेरीत मिळणार नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण शोधायला तर गेलो होतो, असं पुढं म्हणता आलं असतं.

"आटगाव कोणत्या तालुक्यात?" तिथल्या कारकुनानं विचारलं.

"शहापूर."

"मग इथं का आलात?"

"सासुरवाडी इथं हाय."

"सासुरवाडीला कागद येत नाहीत," तो म्हणाला. "जावई येतात."

रात्रीचा मुक्काम सासऱ्यांकडं झाला. जेवताना ते आपल्या मुलांना माझ्याकडं बोट दाखवून सांगत होते, "बघा, जावई बघा. कधी गाडीवर डोळा मिटला नाय." माझे मेव्हणे माझ्याकडं बघत होते ते बघणं मला आवडलं नाही. पण ताटात वाढलेलं सगळं मी खाल्लं.

दोन दिवसांनी शहापूरला गेलोच. कचेरीच्या मागं जुन्या कागदांची खोली होती. कागदांचे गठ्ठे खारव्याच्या कापडात बांधून फळ्यांवर रचलेले. त्या बांधलेल्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणत. दप्तरी म्हातारा होता, चष्म्याला एकीकडं सुतळी.

"रस्त्याचा खटला बघायचाय," मी म्हणालो.

"साल?"

"माझ्या लग्नाच्या आधी दोन महिने."

"लग्न कधी झालं?"

"खटल्यानंतर."

त्यानं चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "नंबर?"

"नाय ठाऊक. गवताची गाडी व्हती. आग्रा रोडवर. चुकीच्या बाजूनं."

"गवताच्या गाड्या इथं गवताइतक्या आहेत. आणखी काही?"

मी नाइलाजानं म्हणालो, "निजलेल्याला आठवण कशी ऱ्हानार, असा आरोपी बोलला व्हता."

"अरे, तो होय! मग आधी नाही का सांगायचं?" दप्तरी एकदम उठला. "नवीन कारकून आला की पहिल्या दिवशी आम्ही त्याला तो कागद वाचून दाखवतो." आणि तिसऱ्या फळीवरचा रुमाल त्यानं न शोधता काढला.

कागद निघाला. त्यावर सगळं होतं. ढीग स्वतः चालत आल्याचं होतं. आरोपी गाडीवर निजलेला होता, गुन्हा कबूल, असं होतं. त्याच्या वर माझी साक्ष, खाली माझं वेडंवाकडं नाव. आणि तळाला दादाची सही. बापाच्या नावासकट, आडनावासकट, एका ओळीत, प्रत्येक वेलांटी वळवून काढलेली. शाई कुठंही पसरली नव्हती.

मी तिथंच बसलो. दप्तऱ्याला सगळं खरं सांगितलं. त्या माणसाशी माझी ओळख नव्हती म्हणून सांगता आलं. तो म्हणाला, "हा कागद काही बदलत नाही. पण तू प्रांतसाहेबांना लिहून दे, की त्या दिवशी गाडीवर मी होतो. ते याला जोडतील. याची नक्कल त्यांनी मागवलीच आहे, जाईल एवढ्यात."

बाहेर चिंचेखाली अर्ज लिहिणारा बसत असे. त्यानं माझ्या सांगण्यावरून कागद लिहिला. छान लिहिला. वाचून दाखवला, सहीची जागा दाखवली आणि टाक हातात देताना म्हणाला, "बाकी एक आहे हं. शपथेवर खोटं बोललास असं यात तूच लिहून देतोयस. साहेबांनी मनावर घेतलं तर तुझ्यावरही खटला होईल."

मी टाक धरून बसलो. खटला माझ्यावर होईल, तो मुरबाडपर्यंत जाईल, सासरे मुलांना काय सांगतील, मेव्हणे कसे हसतील. तुरुंगापेक्षा मला मेव्हण्यांचीच भीती जास्त वाटली, हे आज लिहिताना लाज वाटते. पण खरं सांगायचंच ठरवलंय. म्हणालो, "घरी विचारून येतो," आणि सही न करता कागद खिशात घातला.

वाटेभर मी ठरवत आलो, की दादाला सगळं सांगायचं आणि उद्या दोघांनी मिळून जायचं. तो कुंपणाशीच उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"गावला का रे कागद?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "नाय दादा. वाळवीनं खाल्ला."

मी ते ठरवलं नव्हतं. पण निघालं ते निघालं. त्याचा चेहरा असा उजळला की मला पुढं बोलता येईना. "सगळा खाल्ला?"

"सगळा."

"सहीपन?"

"सहीपन."

"जाऊ दे," तो म्हणाला. "आता कागदच नाय तर खटला कसला!" आणि घरात जाऊन बायकोला सांगितलं ते मला बाहेर ऐकू आलं, "गो, ऐकलास? वाळवी पावली आपल्याला!"

मला वाटलं होतं, सरकारी कागद हलायला महिने लागतात. तो मात्र आमच्या बैलांसारखा स्वतःच चालत गेला.

प्रांतसाहेबांचा मुक्काम पडला. शाळेपुढच्या आंब्याखाली टेबल मांडलं, गाव जमलं. साहेबांनी दादाकडून चार ओळी लिहून घेतल्या, अक्षराची तारीफ केली. मग विचारलं, "तुमच्यावर कधी खटला झाला होता?"

दादानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. त्याला वाटलं, मी होकार दिला.

"नाय साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी फायलीतून नक्कल काढली आणि वाचली. निजलेल्याला आठवण कशी राहणार, ते वाक्य आलं तेव्हा गाव हसलं. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "झोपलात याचं मला काही नाही. दोन रुपयांच्या दंडाला मी विचारलंही नसतं. पण तुम्ही खोटं सांगितलंत." आणि दुसऱ्या उमेदवाराला पुढं बोलावलं.

अर्ज लिहिणाऱ्यानं लिहिलेला तो कागद तेव्हाही माझ्या खिशात होता. टेबलापर्यंत दहा पावलं होती.

माणसं पांगली. दादा माझ्याजवळून गेला. मला वाटलं आता तो मारील, आणि मी उभाच राहिलो. तो थांबला आणि म्हणाला, "वाळवीचा पोट बिघडला व्हता वाटतं रे."

एवढंच बोलला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. पुढं त्यानं तो विषय कधी काढला नाही.

नवा पाटीलही लिहिण्यात कच्चाच होता. बुक पुन्हा दादाकडंच आलं. दादा लिही आणि नवा पाटील तळाला सही करी. "अंगठ्यावरनं सहीवर तर आलो," असं दादा म्हणे.

मी माफी मागायला तीनदा गेलो. पहिल्यांदा नारळ घेऊन गेलो, तर त्याला वाटलं माझ्याकडं बारसं आहे. त्यानं मुलाचं नाव काय ठेवणार ते विचारलं आणि मी एका नसलेल्या मुलाचं नाव सांगून परत आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याचा बैल आजारी होता. तिसऱ्यांदा आम्ही दोघं आटगावला गाडीवर होतो. बोलायला लागणार तोच तो म्हणाला, "तू नीज जरा. मी जागा हाय." मग काय बोलणार! त्या दिवशी खोपीपाशी मी पहिल्यांदा दोन्ही बैलांना गूळ दिला. त्यानं ते पाहिलं. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "माफी मानसाकडं मागायची असते, बैलाकडं नाय."

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात दादा तापानं गेला. चार दिवसांत गेला. पाटलाला बुकात लिहायचं होतं आणि लिहिणारा तर तोच होता. पाटील माझ्याकडं आले, "तुला अक्षर येतो ना? लिव." मी त्याचं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. आडनावाला रकाना पुरला नाही.

चिंचेखाली लिहिलेला तो कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे. वाळवीनं त्याला तोंड लावलेलं नाही. बायको होती तोवर दर दिवाळीला ट्रंक झाडताना तो काढून माझ्यापुढं ठेवायची आणि काही न बोलता परत ठेवायची. ती गेल्यावर यंदा मीच काढला. सहीची जागा कोरी आहे. तिथं सही केली आहे, आज. कोणाला द्यायचा ते मात्र सुचत नाही.

चौथ्यांदा गेलो असतो तर काय बोलायचं, ते मी पाठ करून ठेवलं होतं. बैल आजारी असता तरी बोललो असतो, असं वाटतं. ते असं होतं:

दादा, गाडीवर मी व्हतो, आनि ते मी कोर्टात बोललो नाय. तुझा कागद मला गावला व्हता. वाळवी नव्हती. प्रांतापुढं पन मी उभाच ऱ्हायलो. माफ कर मला. आनि तू विचारला व्हतास ना, सही पसरली का? नाय पसरली, दादा. एकदम नीट आली व्हती.